केटी वेअर आटत चाललाय, शिंपले उघडे पडतायत. उचलून हलवावेत का?

दुधनाकाठ
दुधना नदी, सेलू तालुका, जि. परभणी. कोल्हापुरी बंधारा आहे. ऑक्टोबरात गेटं टाकली होती. आता मार्च लागलाय आणि वरच्या अंगाला पाणी रोज मागं सरकतंय. उघड्या पडलेल्या पट्ट्यात शिंपले दिसायला लागलेत. बहुतेक ८ ते ११ सें.मी. लांबीचे, बाहेरून काळपट तपकिरी, आतून मोतिया. लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या जातीचे असावेत. मधूनच एखादा आखूड, जाड कवचाचा, फुगीर शिंपला सापडतो. त्याच्या टेंगळावर, म्हणजे बिजागरीजवळच्या फुगवट्यावर, वाकड्यातिकड्या सुरकुत्या आहेत, म्हणजे तो पॅरेसिया, ही दुसरी जात.

तळ असा: डाव्या काठाला रेती आणि बारीक गोटे, उजव्या काठाला गुडघाभर गाळ. बंधाऱ्याच्या वर गावाचा सांडपाण्याचा नाला मिळतो. दुपारचा पीएच ८.३, पाण्याचं तापमान २९ अंश. बंधाऱ्यालगत एक डोह आहे, अंदाजे ६० मीटर लांब, १२ मीटर रुंद. त्यावर चार मोटारी आहेत.

हे शिंपले उचलून डोहात किंवा खाली धरणाचं पाणी खेळतं तिथं नेले तर जगतात का? न्यायचे तर कसे न्यायचे? दुसरं म्हणजे ५ सें.मी.च्या आतला शिंपला दिसतच नाही. तो नसतोच की आपल्याला सापडत नाही? आणि तिसरं, मोतीशेतीसाठी कुणीतरी नगावर शिंपले मागतंय. गावातली पोरं विचारतायत, "तसेही मरणारच आहेत तर विकून टाकू का?" त्यांना काय सांगू?

रेतीखडा
आधी मेलेले आणि जिवंत वेगळे करा, कारण गाळात उघडा पडलेला शिंपला मेलेलाच असतो असं नाही. लॅमेलिडेन्स ओल्या चिखलात कवच घट्ट मिटून बरेच दिवस काढतो. किंचित उघडा दिसला तर कडेवर बोटाने टिचकी मारा. मिटला तर जिवंत. मिटलेला असेल तर दोन्ही शिंपा अंगठा आणि बोटांत धरून एकमेकींवर आडव्या सरकवायचा प्रयत्न करा. आत चिखल भरलेला मेलेला शिंपला हातात जड लागतो, जिवंत वाटतो, पण त्याच्या शिंपा सरकतात. जिवंताच्या तसूभर हलत नाहीत. जोर लावून उघडून बघायला जाऊ नका, मिटवणारे स्नायू फाटले की तो गेला.

हलवायचे ठरलं तर वेळ सकाळी नऊच्या आत. पाण्याच्या कडेने चाला, कडेपासून वर सुकलेल्या पट्ट्यात आणि आत गुडघाभर पाण्यात, दोन्हीकडे शोधा. उचललेला शिंपला भिजवलेल्या गोणपाटात ठेवा, सावलीत. बादलीत पाणी घालून त्यात शिंपले भरण्याची पद्धत सर्रास दिसते आणि त्यात निम्मं काम बिघडतं: दहा लिटर साचलेल्या पाण्यात शंभर शिंपले टाकले की प्राणवायू बघता बघता संपतो, पाणी तापतं, आणि त्यांची स्वतःची विष्ठा त्यात साचते. ओल्या गोणपाटात, गारव्यात, तो मिटून आरामात काही तास काढतो. थर दोन-तीनच ठेवा, खालचे चेंगरायला नकोत. गोणपाट भिजवायला नळाचं पाणी वापरू नका. टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकलेल्या पाण्यातलं क्लोरीन कल्ल्यांना जाळतं. नदीचंच पाणी घ्या.

नव्या जागी पोचल्यावर दोन्हीकडच्या पाण्याचं तापमान मोजा. फरक ३ अंशांपेक्षा जास्त असेल तर गोणपाटावर नव्या जागेचं पाणी थोडं थोडं शिंपडत अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. मग एकेक शिंपला हाताने रोवा. काठावरून फेकून देणं म्हणजे उचललाच नसता तर बरं. टेंगूळ ज्या टोकाच्या जवळ असतं ते आखूड टोक खाली तिरकं रेतीत, लांब टोक वर. पाणी आत-बाहेर करणारी फट त्या लांब टोकाला असते, ती गाळात गाडली गेली की गुदमरतो. लॅमेलिडेन्स बरा असेल तर थोड्या वेळात पाय काढून स्वतःच नीट बसतो. संध्याकाळपर्यंत आडवाच पडून राहिलेला शिंपला वाचेलच असं नाही.

जागा निवडताना एक साधी कसोटी लावा: तिथं आधीपासून त्याच जातीचे शिंपले जिवंत आहेत का? नसतील तर का नाहीत हे कळल्याशिवाय नेऊ नका. असतील तर आहेत त्याच्या दुपटीपेक्षा जास्त दाटी करू नका.

आणि खोरं बदलू नका. दुधनेचे शिंपले पूर्णेत चालतील, ती दुधनेचंच पाणी पुढे घेऊन जाते. पण कुणी "परांड्याला सीना-कोळेगाव धरणात पाणी आहे, तिकडे टाकू" म्हणालं तर थांबवा. परांडा, भूम, आष्टी या बाजूचं पाणी सीनेतून भीमेला म्हणजे कृष्णा खोऱ्यात जातं. मराठवाडा एक असला तरी नद्या एका घरच्या नाहीत.

पाटकरी
वर सांगितलेली पद्धत बिनचूक आहे, पण मी ती शेवटी ठेवीन. शिंपला हलवणं हा पाणी राखता आलं नाही तर करायचा उद्योग. आधी डोहाचा हिशोब बघा.

६० बाय १२ मीटर, सरासरी खोली १.२ मीटर धरली तर ८६४ घनमीटर, म्हणजे ८ लाख ६४ हजार लिटर. पाच अश्वशक्तीची मोटार २० मीटर चढावर सेकंदाला साधारण ९ ते १० लिटर उचलते. आठ तास वीज मिळाली तर दिवसाला पावणेतीन लाख लिटर. एकच मोटार अख्खा डोह सव्वातीन दिवसांत कोरडा करते. तुमच्याकडे चार आहेत. म्हणजे शिंपले डोहात हलवले आणि मोटारींचं काही ठरवलं नाही, तर एका मसणवट्यातून दुसऱ्या मसणवट्यात नेले.

मोटारी बंद ठेवल्या तरी एप्रिल-मेत आपल्याकडे बाष्पीभवनाने दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उतरतं. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत ९० दिवस, म्हणजे ९० सें.मी. निव्वळ उन्हात गेले, पाझर वेगळाच. १.२ मीटर सरासरी खोलीचा डोह शेवटी ३० सें.मी. उरतो आणि ते पाणी दुपारी अंघोळीच्या पाण्याएवढं तापतं. डोहाचा खोल भाग आत्ता २ मीटर असेल तरच तो जूनपर्यंत आसरा ठरेल. काठीला खुणा करून मोजा, अंदाज नको.

करण्यासारखं हे. चारही मोटारवाल्यांशी बोलून फुटव्हॉल्व्हची, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाची, पातळी ठरवून घ्या: डोहाच्या सर्वांत खोल जागी दीड मीटर पाणी उरलं की फुटव्हॉल्व्ह उघडा पडेल अशा उंचीला तो लोखंडी तिकाटण्यावर बांधायचा. तोंडी शब्दापेक्षा हे टिकतं. बदल्यात गावाला जनावरांचं पाणी राहतं, हे पटवायला सोपं. शिंपल्यांसाठी मोटार बंद करा म्हणालात तर लोक हसतील.

गेटांचंही बघा. गाळ्यातली खालची गेटं गळत असतील तर रबरी सील बदला किंवा आतून काळी माती दाबा. पावसाळ्याआधी गेटं काढताना सगळी एका दिवसात काढण्याची घाई असते. शिंपला दिवसभरात फार तर काही मीटर सरकतो. काठाचा उतार शंभराला दोन असेल तर पातळी १० सें.मी. उतरली की पाण्याची कड ५ मीटर मागं जाते. तेवढं अंतर तो एका दिवसात कापेलच असं नाही. म्हणून सपाट काठावर सगळ्यात जास्त मरतात, उभ्या काठावर कमी. वरची गेटं एकेक करून, दोन-तीन दिवसांच्या अंतराने काढा. खालची ओळ पाटबंधारे खात्याचं शाखा कार्यालय परवानगी देईल तोवर राहू द्या.

शाखा कार्यालयात एक चौकशी कराच: निम्न दुधना धरणातून पिण्याच्या पाण्यासाठी पात्रात आवर्तन सुटणार आहे का, आणि कोणत्या आठवड्यात. सुटणार असेल तर तोवर फक्त सुकलेल्या पट्ट्यातले जिवंत शिंपले उचलून डोहात आणा, लांब नेण्याची गरज नाही.

दुधनाकाठ
काठीने मोजलं. खोल जागी १.९ मीटर भरलं. फुटव्हॉल्व्हचं दोघांनी मान्य केलंय, दोघांशी बोलणं चालू आहे.

डाव्या काठाची रेती चाळली तेव्हा बारके शिंपले निघाले की! दीड-दोन सें.मी.चे, पिवळसर, तिकोनी, भरपूर. म्हणजे पिल्लं आहेत ना?

गोदातळ
नाहीत. तिकोनी, पिवळसर, वर वाटोळ्या जाड कडा आणि टेंगूळ मधोमध असेल तर ती कॉर्बिक्युला, वेगळ्याच कुळातली. ती पूर्ण वाढली तरी दोन-तीन सें.मी.चीच राहते आणि तिच्या पिल्लांना माशाची गरज लागत नाही. पाटचारीत, बॅरेजच्या खाली, कुठंही ती हजारोंनी भेटते. हिला पिल्लं समजून "संख्या वाढतेय" असा अहवाल लिहिला जातो, तेव्हा जपून. लॅमेलिडेन्सचं पिल्लू दोन सें.मी.चं असलं तरी लांबटच असतं, कवच पातळ, हिरवट तपकिरी, जवळपास गुळगुळीत, आणि टेंगूळ एका टोकाकडे सरकलेलं.

आता नीट शोधा. अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची लोखंडी सळईची चौकट करा. चौकटीतली रेती १५ सें.मी. खोलवर काढून ६ मि.मी.च्या चाळणीतून, आणि खाली पडलेली पुन्हा प्लास्टरची वाळू चाळायच्या बारीक चाळणीतून काढा. पिल्लं पहिली काही वर्षं रेतीत पुरलेली असतात, वरून दिसत नाहीत. म्हणून नुसतं डोळ्यांनी पाहून "लहान नाहीत" म्हणता येत नाही. चौकटी आवडीच्या जागी टाकू नका. काठाच्या लांबीत ठरावीक अंतराने टाका आणि पहिली जागा चिठ्ठी काढून ठरवा. अशा ६० चौकटी झाल्या म्हणजे १५ चौरस मीटर तपासलं. यात एकही पिल्लू आलं नाही तरी "नाहीच" असा निकाल देऊ नका. दहा चौरस मीटरला एक एवढी विरळ वस्ती असेल तर १५ चौरस मीटरमध्ये सगळंच हुकण्याची शक्यता पाचातून एकदा आहे. पॅरेसियासारख्या विरळ जातीसाठी चौकटीऐवजी तासावर शोध घ्या: दोन माणसं, दोन तास, हाताने चाचपून, म्हणजे चार मनुष्यतास, आणि तासाला किती सापडले ते लिहा. प्रत्येकाची लांबी व्हर्नियरने मोजा, परत तिथेच रोवा. कवचावरच्या वलयांवरून वय काढू नका. आपल्या हवामानात वर्षाला एकच वलय पडतं याची खात्री नसते.

सगळ्या लांब्या ८ सें.मी.च्या वरच निघाल्या तर ती वस्ती शाळा बंद पडलेल्या गावासारखी आहे: माणसं दिसतात, पण पुढची पिढी नाही. मग कडी कुठं तुटलीय ते शोधावं लागतं.

पहिली कडी मादी. तिच्या कल्ल्यांतच अंडी वाढून ग्लोकिडियम अळ्या होतात. पाहायचं असेल तर शिंपला ५-६ मि.मी.च उघडायचा. दाबला की उघडणारा उलटा चिमटा असतो तसं हत्यार लागतं, चाकू नको. भरलेला कल्ला जाड, फुगलेला, फिकट पिवळा ते तपकिरी दिसतो. रिकामा पातळ, अर्धपारदर्शक. आपल्याकडे हे वर्षातून एकदाच असतं असं धरून चालू नका, दर दोन महिन्यांनी थोडे शिंपले तपासा. कल्ल्यातल्या अळ्या सिरिंजने थोड्या काढून भिंगाखाली घ्या, मिठाच्या पाण्याचा थेंब टाका. निरोगी अळीची दोन झाकणं झटकन मिटतात. बहुतेक मिटल्या तर मादी ठणठणीत आहे, अडचण पुढे आहे. कल्ले भरलेल्या माद्या लांब हलवू नका. ताण आला की त्या अळ्या अर्धवट अवस्थेतच बाहेर टाकून देतात.

दुसरी कडी मासा. अळीला काही दिवस ते काही आठवडे माशाच्या कल्ल्यावर किंवा परावर चिकटून राहावं लागतं, त्याशिवाय तिचा शिंपला होत नाही. वाटेल तो मासा चालत नाही. न चालणाऱ्या माशाचं शरीर तिला दोन-चार दिवसांत झटकून टाकतं. तुमच्या डोहात सगळी चिलापीच उरली असेल तर अळ्या वाया जात असण्याचा दाट संभव आहे. स्थानिक कार्प कुळातले मासे, शिंगटा, मरळ यांचे कल्ले बाजारात मासे साफ होतात तिथून मागून घ्या. कल्ल्याची कमान कापून भिंगाखाली पांढरे ठिपके शोधा. दुसऱ्या परजीवींच्या गाठीही पांढऱ्याच दिसतात, तेव्हा फसू नका: दोन पोलरॉइड फिल्म आडव्या-उभ्या लावून मधून पाहिलं की ग्लोकिडियमचं चुन्याचं कवच अंधारात उजळून दिसतं, नुसती मांसल गाठ तशी उजळत नाही.

तिसरी कडी, आणि तुमच्या नाल्यामुळे मला हीच संशयास्पद वाटते, ती अमोनिया. माशावरून गळलेलं पिल्लू रेतीच्या कणांमधल्या पाण्यावर जगतं. सांडपाण्याचा गाळ त्या फटी बुजवतो आणि तिथेच अमोनिया साठतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१३ मध्ये अमोनियाची मर्यादा नव्याने ठरवली ती मुख्यतः शिंपल्यांमुळेच: दीर्घकाळासाठी लिटरला १.९ मि.ग्रॅ. अमोनिया-नायट्रोजन. पण हा आकडा पीएच ७ आणि २० अंशांचा आहे, तो उचलून दुधनेला लावू नका. पीएच ७ आणि २० अंशांना एकूण अमोनियातला विषारी भाग अर्ध्या टक्क्याहून कमी असतो. पीएच ८.५ आणि ३० अंशांना तोच २० टक्क्यांवर जातो. तुमच्या पाण्यात अर्धा मि.ग्रॅ. निघाला तरी पिल्लांसाठी तो जास्तच. मत्स्यालयाच्या दुकानात अमोनियाचा किट मिळतो, तो पुरे. दुपारी तीन-चारला तपासा, शेवाळामुळे पीएच तेव्हा सर्वांत चढलेला असतो. प्राणवायू मात्र पहाटे मोजा. दुपारी मोजला तर कायम उत्तमच दिसतो.

फवारणीचे पंप नदीत धुतात का तेही बघा. तांब्याची बुरशीनाशकं शिंपल्याच्या पिल्लाला अगदी थोड्या मात्रेत मारतात. आणि वरच्या अंगाला डिस्टिलरीचं स्पेंटवॉश (दारू गाळल्यावर उरलेलं सांडपाणी) येत असेल तर त्यात पोटॅश भरपूर असतं. पिकाला ते खत, शिंपल्याला विष.

भोई_गंगाखेड
माशांचं बोलणं निघालं म्हणून सांगतो. आटत्या डोहात लोक ब्लिचिंग पावडर टाकून मासे धरतात. त्यात मासा तर जातोच, शिंपला मिटून तग धरायला बघतो आन् दोन-तीन दिसांनी तोंड वासतो. म्हणून कुणाला संशय येत नाही, "उन्हानं मेले" म्हणतात. कोपऱ्यात झिंगे आन् चिंगळ्या एकदम तरंगल्या असतील तर ऊन नव्हं, पावडर.

बंधाऱ्यात बोटुकली सोडणार असाल तर निसती कटला-रोहू नको, नदीतला बारका गावरान मासा राहू द्या. एप्रिल-मेत डोहात बारीक आसाचं जाळं टाकू नका. जून-जुलैला पाणी आलं की मासे वर चढतात, तेव्हा गेटं पुरी निघालेली पायजेत, न्हाई तर मासा खालीच अडकतो आन् त्याच्याबरोबर अळ्याबी.

आन् एक, वाळूच्या खड्ड्यांत शोधायला उतरू नका. वरून गुडघाभर दिसतं, पुढच्या पावलाला पुरुषभर. कमरेला दोर बांधल्याशिवाय नकोच.

दुधनाकाठ
नाल्याच्या तोंडाशी अमोनिया किटवर २ च्या वर गेला, डोहात ०.५, आणि वरच्या वळणाला जिथं झरा आहे तिथं रंगच बदलला नाही. तिथं रेती स्वच्छ आहे, लॅमेलिडेन्स थोडेच आहेत पण जिवंत. मग डोहात नेऊ की वळणाला? मोतीवाल्याचं राहिलंच.

गोदातळ
वळणाला, जूनपर्यंत झरा टिकतो याची गावात खात्री करून. डोहात आधीच दाटी होणार आहे. पाणी कमी झालं की त्यातले काही मरतील, मेलेले सडून अमोनिया आणखी चढेल, आणि एक मेला म्हणून दहा मरतील. डोहात तोंड वासलेले, मांस असलेले शिंपले दर दोन दिवसांनी काढून काठापासून लांब पुरा. रिकामी जुनी कवचं राहिली तर चालतील.

नाला थेट नदीत न जाऊ देता काठावरच्या खड्ड्यात अडवता आला तर आधी तेच करा. गावाच्या कामात शोषखड्डे बसतात. साचलेला गाळ उपसायची टूम निघाली तर डाव्या काठाची रेती त्यातून वगळून घ्या. जेसीबीला काळा गाळ आणि रेती यातला फरक कुणी दाखवला नाही तर तो दोन्ही उचलतो आणि शेतात नेऊन टाकतो, शिंपल्यांसकट.

मोतीबाग
मोतीशेतीचं मी सांगतो, कारण यात गैरसमज फार आहेत. केंद्रक, म्हणजे ज्याभोवती मोती धरतो तो मणी, शस्त्रक्रियेने आत घालायला ८ सें.मी.च्या वरचा, निरोगी शिंपलाच लागतो. म्हणजे नेमका तुमच्या वस्तीतला अंडी देणारा भाग. पिल्लं येत नसलेल्या ठिकाणाहून हे काढले तर मागं काहीच उरत नाही. "तसेही मरणारच" हे सुकलेल्या पट्ट्यातल्यांना लागू आहे असं वाटतं, पण तिथले उन्हात तापलेले, ताण घेतलेले असतात. त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली तर जखम भरायच्या आधीच बरेच दगावतात. जाणकार घेणारा ते घेतच नाही, तो पाण्यातले मागतो. एकदा पाण्यातल्यांना भाव फुटला की पोरं डोहात उतरतील.

भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत याचं प्रशिक्षण मिळतं. ज्याला हा धंदा खरंच करायचाय त्याने स्वतःच्या तळ्यात प्रजननासाठी शिंपले राखायला शिकावं. नदीतून दरवर्षी पोती भरून आणणं ही शेती नव्हे. आणि नको असलेले परगावचे शिंपले नदीत सोडून देऊ नका, त्यांच्याबरोबर रोग आणि परजीवी येतात.

नोंदवही
कागदाचं काम सोबत चालू करा, नाहीतर पुढच्या वर्षी वाळूचा लिलाव त्याच वळणावर निघेल.

वाळूघाट ठरतात ते जिल्हा सर्वेक्षण अहवालावरून. त्याचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि संकेतस्थळावर २१ दिवस हरकतींसाठी ठेवलेला असतो. त्या मुदतीत लेखी हरकत द्या. "नदी वाचवा" असं मोघम लिहू नका. गट क्रमांक, काठाची लांबी मीटरमध्ये, अक्षांश-रेखांश, कोणत्या जाती, चौरस मीटरला किती, आणि मोबाईलवर ठिकाणाची नोंद असलेले फोटो. तुमच्याकडे आता चौकटींचे आकडे असतीलच, तेच जोडा.

ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती २००२ च्या कायद्याने असायलाच हवी. कागदावर ती असतेच, बैठक होत नाही एवढंच. लोकजैवविविधता नोंदवहीत दोन्ही जाती, डोह आणि वळण यांची नोंद ग्रामसभेच्या ठरावासह करून घ्या. फुटव्हॉल्व्हच्या पातळीचं ठरलंय ते त्याच ठरावात घाला, म्हणजे पुढच्या वर्षी मोटारवाला बदलला तरी ठराव राहतो. जातींची खात्री करायला प्रत्येकी दोन-तीन रिकामी, ताजी, दोन्ही शिंपा जोडलेली कवचं पुण्याला आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्राशी बोलून पाठवा. जिवंत पाठवायची गरज नाही. आतलं बिजागरीचं दातवण आणि टेंगळाची नक्षी शाबूत असली की पुरतं.

रेतीखडा
वळणाला नेणार असाल तर खुणा करूनच न्या, नाहीतर पावसाळ्यानंतर जगले की मेले हे कुणालाच सांगता येणार नाही. कवचाचा मागचा, वरचा भाग कोरड्या फडक्याने पुसायचा, बारीक पॉलिश पेपरने नखाएवढी जागा खरवडायची, आकडा लिहिलेली प्लास्टिकची चकती फेव्हिक्विकने चिकटवायची आणि मिनिटभर सुकू द्यायची. फटीकडे डिंक ओघळू देऊ नका. एकूण अर्ध्या तासाच्या आत सावलीत हे काम उरका. चकत्या गळतात म्हणून त्याच कवचाच्या कडेला कानसेने एक बारीक खाच करा, आत मांसापर्यंत न जाणारी.

पहिली तपासणी महिन्याने, रोवलेल्या जागेभोवती दोन-तीन मीटर. दुसरी पुढच्या नोव्हेंबरात, पूर ओसरून पाणी निवळल्यावर, आणि तेव्हा खालच्या अंगाला लांबवर शोधा, पुरात काही वाहून जातातच. सापडलेल्या जिवंतांबरोबरच खूण असलेली रिकामी कवचंही मोजा. न सापडलेल्यांना मेलेल्यांत धरू नका, त्यांचा रकाना वेगळा ठेवा.

आणि सगळे एकदम हलवू नका. थोडे डोहातच ठेवा, त्यांनाही खुणा करा. दोन्हीकडचं जगण्याचं प्रमाण शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय वळण चांगलं की डोह, हे नोव्हेंबरातही कळणार नाही.